पोटात एक, अंगावर एक

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा थोरली दीड वर्षाची होऊन गेली होती आणि अजून मजेत अंगावर पीत होती. झोपताना, उठल्यावर, पडली की, कंटाळा आला की, घरात कुणी नवं माणूस आलं की. बातमी कळल्यावर अभिनंदनापाठोपाठ जो तो एकच सांगे, "आता हिचं दूध तोड." कारणं मात्र प्रत्येकाची वेगळी. कुणी म्हणे पोटातल्याचा वाटा ही पिऊन टाकेल. कुणी म्हणे गरोदर बाईचं दूध नासतं, वरच्या मुलाला बाधतं. एका मावशींनी थेट गर्भपाताचं नाव काढलं. दूध तोडायला माझी हरकत नव्हती, मलाही अधूनमधून पुरे वाटायचंच. पण कुणीतरी घाबरवलं म्हणून तोडायचं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी हो-नाही म्हणण्याआधी प्रश्नांची सरबत्ती केली. पहिलं बाळंतपण वेळेआधी झालं होतं का? याआधी गर्भपात? आता डाग, रक्तस्राव, ओटीपोटात कळा? वजन घटतंय का? जुळं आहे का ते सोनोग्राफीत बघू म्हणाल्या. "यातलं काही असतं तर मी थांबा म्हटलं असतं, निदान पुन्हा विचार करा म्हटलं असतं. तुमचं सगळं सरळ आहे. पाजा." पुढे वार (प्लॅसेंटा) खाली असल्याचं दिसलं किंवा गर्भपिशवीचं तोंड लवकर आखूड व्हायला लागलं, तर हा निर्णय फिरवावा लागेल, हेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं. त्यांचा एक साधा ठोकताळा माझ्या लक्षात राहिला: जिला गरोदरपणात नवऱ्याजवळ जायला मनाई करावी लागते, तिच्या पाजण्याचाही त्या वेगळा विचार करतात.

मी कळांचं विचारलं, कारण भीती तीच होती. मूल चोखायला लागलं की शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं. त्यानेच पान्हा फुटतो आणि प्रसूतीच्या वेळी गर्भाशय आकुंचन पावतं तेही त्यानेच. एवढंच ऐकलं तर कुणालाही धडकी भरेल. पण गर्भाशय बराच काळ या ऑक्सिटोसिनकडे लक्षच देत नाही. प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक त्याला शांत ठेवतं, आणि ऑक्सिटोसिनला दाद देणारे रिसेप्टर सुरुवातीला थोडेच असतात. त्यांची संख्या वाढते ती दिवस भरत आल्यावर. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भपात होतात, त्यातल्या निम्म्याच्या आसपास गर्भपातांमागे गुणसूत्रांतला दोष असतो, त्याला पाजणं जबाबदार नसतं, हेही त्यांनी सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजायला सांगते. त्यामुळे दीड वर्षाची मुलगी पिते यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

मी निर्धास्त घरी आले. म्हणजे असं मला वाटलं.

धोक्याबद्दल सगळ्यांनी तोंडसुख घेतलं होतं, दुखण्याबद्दल एक अक्षर कुणी बोललं नव्हतं. दुसरा महिना लागला आणि थोरलीने तोंड लावलं की डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले. पहिल्या बाळंतपणात स्तनाग्रांना भेगा पडल्या होत्या, ते दुखणं मला माहीत होतं. पकड सुधारली की ते थांबायचं. हे तसं नव्हतं. पकड कितीही नीट असली तरी दुखायचंच, कारण गरोदरपणाच्या संप्रेरकांनीच तिथली त्वचा हुळहुळी होते. मलमाने फारसा फरक पडला नाही. तिचं तोंड मोठं उघडून घेणं, ती नुसतीच तोंडात धरून लोळायला लागली की अलगद बोट घालून सोडवणं आणि दात लागले की लगेच थांबवणं, एवढंच काय ते हातात होतं. त्यात मळमळ. पान्हा फुटताना पोटातून अशी उमळ यायची की एकदा तिला तशीच नवऱ्याच्या हातात टाकून मी पळाले. ती रडली, मी ओकले, नवरा मधल्या दारात उभा.

उलट्यांनी माझं वजन वाढेना तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, आरशात बघ जरा. हाडं वर आलीत. तिला आता दुधाची एवढी काय गरज? जेवते ना चांगली?"

"जेवते हो आई. पण रात्री झोपायला तेच लागतं तिला."

"मग रात्रीचं राहू दे. सकाळचं मी बघते."

आणि त्यांनी खरंच बघितलं. थोरली डोळे चोळत उठली की मी अंथरुणातून हलायच्या आत तिला उचलून बाहेर न्यायच्या. चार दिवस आकांत झाला, मग आजीबरोबर बाहेर जाणं हाच सकाळचा नेम झाला. तोडायचंच असेल तर एकेक वेळ तोडावी, आणि जी वेळ मुलाला सर्वांत कमी लागते तिथून सुरुवात करावी, हे मला त्यांच्यामुळे उमगलं. दुपारचं पाजणं मी स्वतः कमी केलं: आपण होऊन द्यायचं नाही, मागितलं तर नाकारायचं नाही. ती खेळात रमली की विसरायची.

खाण्याचं म्हणाल तर वेगळं फार काही केलं नाही. पाजणाऱ्या बाईला सुरुवातीच्या महिन्यांत रोज साधारण पाचशे कॅलरी जादा लागतात. मूल मोठं होऊन जेवायला लागलं आणि दूध कमी झालं की ती गरज बरीच उतरते. दुधातून लोह फार थोडं जातं, त्यामुळे माझं हिमोग्लोबिन उतरलं ते लेकीने पिऊन नाही, ते गरोदरपणाचंच होतं. गोळ्या चालू होत्या. दर तपासणीला बाळाची वाढ बघितली जायची आणि ती ठीक होती. "पोटातल्याचा वाटा" या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर तिथे मिळालं. भूक लागली की खायचं आणि पाण्याची बाटली हाताशी ठेवायची, बस.

चौथ्या महिन्यानंतर दूध आटलं. संप्रेरकं बदलली की ते कमी होतंच, बाईने काही करो वा न करो. आधी मला कळलं नाही, कारण ती चोखतच होती. मग एका रात्री अंधारात कान देऊन ऐकलं. एरवी दोन-तीन वेळा चोखलं की एक घोट घशाखाली गेल्याचा आवाज यायचा, मध्येच नाकाने श्वास, पुन्हा घोट. आता जबडा हलत होता आणि घोट नव्हताच. बऱ्याच वेळाने एक. तिने तोंड बाजूला केलं, स्तनाकडे बघितलं, बोटाने दाबून बघितलं आणि म्हणाली, "संपलं." मग दुसऱ्या बाजूला गेली. तिथेही संपलं. तरी चोखत झोपली.

अशा वेळी दूध वाढवायच्या मागे लागू नये. पंप लावून किंवा औषधं घेऊन ते वाढत नाही, कारण कमी करणारी संप्रेरकं तिथेच असतात, आणि दुधासाठी म्हणून मिळणाऱ्या औषधांतली कित्येक गरोदरपणात घेण्यासारखी नसतात. माझी लेक सगळं जेवत होती म्हणून हे चालून गेलं. वरचं मूल वर्षाच्या आतलं असेल तर मात्र चित्र एकदम वेगळं. त्याचा मुख्य आहार दूधच असतो. तिथे वजनावर बारीक नजर ठेवावी लागते आणि बालरोगतज्ज्ञांना विचारून वरचं दूध सुरू करावं लागतं.

दुधाची चवही याच सुमाराला बदलते. दुधातली साखर कमी होते, मीठ वाढतं, आणि पुढे हळूहळू चिकाचं दूध तयार व्हायला लागतं. नासत वगैरे काही नाही. पण बरीच मुलं याच काळात आपण होऊन सोडतात, आणि खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होते. आमच्या बाईसाहेबांनी सोडलं नाही.

सगळ्यात अवघड काळ सुरू झाला तो इथे. दुखणं कमी झालं आणि त्याच्या जागी किळस आली. दुसरा शब्द नाही मला सुचत. कोरडं चोखणं सुरू झालं की मानेपासून पाठीपर्यंत सरसरून काटा यायचा, पायाची बोटं आवळली जायची, तिला ढकलून उठून पळावंसं वाटायचं. त्यातून तिने पिताना दुसऱ्या हाताने चाळा केला, की माझा आवाज चढायचा. ज्या पोरीच्या केसांचा वास घेत मी तासन् तास बसायचे तिचाच स्पर्श नको व्हावा, हे कुणाला सांगणार? बाळंतपणाआधी जिच्याकडे शिकले होते त्या स्तनपान सल्लागार बाईंना शेवटी फोन केला. त्या जराही दचकल्या नाहीत. म्हणाल्या, गरोदरपणात पाजणाऱ्या कितीतरी जणींना हे होतं; त्याचा प्रेमाशी संबंध नाही; अपुऱ्या झोपेने, उपाशीपोटी वाढतं. आणि पाजणं म्हणजे सगळं किंवा काहीच नाही असं नसतं, वेळ ठरवून द्या.

मग आम्ही दहापर्यंत मोजायला लागलो. एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला दहा, मग मिठी आणि पाठ थोपटणं. पहिले काही दिवस मी भराभर मोजायचे, ती दहाला भोकाड पसरायची. मग तिलाच मोजण्याची गोडी लागली. तोंडात धरूनच हुंकार देत मोजायची, आणि आठ-नऊ आलं की सोडून घाईघाईने म्हणायची, "आठ, नऊ, पाच!" आणि पुन्हा लावायची. आईची किळस घालवायला एवढी लबाडी पुरते कधीकधी. रोज नाही. ज्या रात्री नाहीच जमायचं, त्या रात्री नवरा तिला घेऊन झोपायचा, आणि मी दार लावून घ्यायचे.

त्यामुळे कुणी मला विचारलं, की गरोदरपणात पाजणं चालतं का, तर डॉक्टर तपासून सांगतील तेच खरं. माझा प्रश्न रोज संध्याकाळी नव्याने उभा राहायचा: आज मला जमणार आहे का? ठरवून टाकलेलं असं काहीच नव्हतं. दोनदा मी पक्कं ठरवलं की उद्यापासून बंद, आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून पाजलं.

सातव्यानंतर पोटामुळे मांडीवर घेणं संपलं. कुशीवर झोपून, तिला समोर आडवं घेऊन पाजायचं. ती प्यायली की पोट दगडासारखं कडक व्हायचं आणि थोड्या वेळात सैल पडायचं. डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं: थांबलात, पाणी प्यायलात, कूस बदललीत आणि कमी झालं तर काळजी नको. ठरावीक अंतराने येत राहिलं, वाढत गेलं, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर पाजणं सोडून आधी दवाखाना. एकदाच बराच वेळ कडक राहिलं, तेव्हा जाऊन दाखवून आलो. काही नव्हतं. धाकटा दिवस पूर्ण भरून जन्मला.

थोरलीने सगळा चीक संपवला तर, ही शेवटची धास्ती. चीक साठवणीचा नसतो, तो तयार होत राहतो. वार पडल्यावर प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि मग दोन-चार दिवसांत भरपूर दूध येतं. पहिल्या दिवसांत फक्त क्रम पाळायचा: आधी धाकटा पोटभर, मग थोरली. बाजू वाटून द्यायची गरज नाही, वेगळं धुणं-पुसणं नाही. धाकट्याने किती लंगोट ओले केले आणि वजन कसं चढतंय, यावर हिशोब. बाळंतकळांनंतरच्या कळा मात्र दुसऱ्या खेपेला जबर असतात आणि पाजताना अजून चढतात. पहिल्या रात्री धाकट्याने चोखायला सुरुवात केली तेव्हा मी पलंगाचा कठडा घट्ट धरून होते.

दूध उतरलं त्या दिवशी छाती दगड झाली होती. धाकट्याला ती तोंडात धरता येईना. थोरलीला बोलावलं. तिने दोन मिनिटांत मऊ करून दिली, वर बघितलं, ओठांवर पांढरी मिशी, आणि म्हणाली, "आलं!" पुढचे दोन-तीन दिवस तिला पातळ शी होत होती, चिकाचा थोडा सारक गुण असतो आणि नवं दूधही तिने अधाशासारखं प्यायलं होतं. आपोआप थांबली.

दोघांना एकदम पाजण्याचे फोटो सुंदर दिसतात. मला ते जमलं नाही. एकाची लय वेगळी, दुसऱ्याची वेगळी, दोन्हीकडून एकदम ओढ लागली की ती जुनी किळस परत डोकं वर काढायची. म्हणून एकामागून एक. थोरलीला अजून दहाच, आणि आता ती मोजताना चुकत नाही, त्यामुळे माझं काम थोडं अवघड झालंय, कारण दहानंतर काय येतं हेही तिला कळलंय.