नंदिनीचा अनुस्वार आणि माझी चाळिशी

नंदिनीच्या डोक्यावरचं टिंब गेलं. तीनशे लग्नपत्रिका ‘चि. सौ. कां. नदिनी’ अशा छापून झाल्या आणि नवा गठ्ठा पदरचे पैसे घालून द्यावा लागला. प्रूफ मीच दोनदा वाचलं होतं, चष्मा लावून.

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, पावतीपुस्तकं, बोर्डाचे मजकूर. निम्मं काम मराठी, निम्मं कन्नड. मराठीचा अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर, कन्नडचं ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षराचा खालचा तुकडा, पायाशी. चोपन्नाव्या वर्षी दोन्हीकडं धुकं.

लांबचा नंबर शून्य, जवळचा अधिक दोन. पहिल्या दुकानदारानं साधा प्रोग्रेसिव्ह चष्मा गळ्यात मारला होता. त्यात वर लांबचं, खाली वाचायचं, आणि कॉम्प्युटर बघायचा तो मधल्या चिंचोळ्या बोळातून. मॉनिटर तर नाकासमोर! मग हनुवटी वर करून बसायचं. “दिवसभर काय बघालाय हो छताकडं?” बायको विचारायची. रात्री मानेला बाम चोळायचं कामही तिच्याकडंच.

दुसऱ्या दुकानातली मुलगी मात्र हुशार. तिनं ऑफिस लेन्सचं, म्हणजे लांबचं सोडून टेबलाजवळचंच दाखवणाऱ्या काचेचं, नाव काढलं आणि विचारलं, “काका, स्क्रीन किती लांब असते?” मी म्हटलं, हातभर. “हातभर नको, मोजून या.” शेजारच्या टेलरकडून टेप आणली. प्रूफ 40 सेंटिमीटर, मॉनिटर 65, समोरच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक 120.

मग तिनं पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला. खाली वाचायचा नंबर दोनच. वर जाताना तो किती उतरवायचा, त्याला डिग्रेशन म्हणतात. पाऊण उतरवला तर वर सव्वा उरतो. एक मीटर भागिले सव्वा, म्हणजे 80 सेंटिमीटरपर्यंतचं दिसणार. सव्वा उतरवला तर वर पाऊण, 1.33 मीटर. पावणेदोन उतरवला तर वर नुसता पाव, मग चार मीटर, अख्खी खोली.

मी अर्थातच अख्खी खोली मागितली. पैसे मोजतोय तर सगळं दिसू दे की! तर म्हणाली, नंबर जितक्या घाईनं बदलतो तितकं कडेचं धूसर होतं, मधला बोळ अरुंद होतो. तुम्हाला भिंतीवरचं कॅलेंडर बघायचंय की पत्रिकेची पूर्ण ओळ? बिनशर्त शरणागती. सव्वावाला घेतला.

पहिले दोन दिवस खुर्चीतून उठलं की फरशी हलल्यासारखी वाटली, पुढं सवय झाली. आता हनुवटी खाली असते, ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत मान न फिरवता वाचता येते, गिऱ्हाइकाचा पैसे देतानाचा चेहराही स्वच्छ दिसतो. कॅलेंडर धूसर. राहू दे.

एक गाढवपणा सांगायलाच हवा. हा चष्मा घालून गाडी चालवायची नाही, हे तिनं दोनदा बजावलं होतं. तरी एका दुपारी घाईत तसाच स्कूटरवर बसलो. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ समोरच्या बसचा बोर्ड कन्नडमध्ये आहे की मराठीत, तेच कळेना. गाडी कडेला लावली, चष्मा खिशात टाकला, तेव्हा जग जागेवर आलं.

काल टेलर माझा चष्मा लावून बसला. मशीन दिसतंय, सुईचं नाकं दिसंना, म्हणून कुरकुरत होता. त्याला म्हटलं, सुई किती लांब धरतोस ते आधी मोज. टेप गळ्यातच होती त्याच्या.