आपला तो बाब्या

इंग्लंडमध्ये पन्नाशी उलटलेल्या माणसाला बोलतं करायचं असेल तर हवेपाण्याच्या गप्पा काढत बसू नये. ‘लहानपणी तुझ्या घरी स्पेक्ट्रम होता की कमोडोर?’ एवढंच विचारावं आणि खुर्ची ओढून निवांत बसावं. हे दोन्ही त्या काळचे घरगुती कॉम्प्युटर. आमच्या ऑफिसात समोरासमोरच्या टेबलांवर दोन्ही पक्षांचे एकेक निष्ठावंत बसतात. एरवी दोघंही अतिशय सभ्य. पण चहाच्या वेळी कुणी ‘रबर’ म्हटलं की तासाभराची निश्चिंती.

भांडण १९८२चं आहे. त्या एप्रिलमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअरनं झेडएक्स स्पेक्ट्रम आणला. १६के, म्हणजे १६ किलोबाइट मेमरीचा, १२५ पौंडांना, ४८केचा १७५ला. कमोडोर ६४ अमेरिकेतून आला तेव्हा ब्रिटनमध्ये त्याला ३९९ पौंड पडत. म्हणजे कोण कुठल्या पक्षाचा, हे मुळात बापाच्या खिशानं ठरवलं. पोरांना कुणी विचारलंच नव्हतं. नाताळच्या सकाळी खोक्यातून जे निघालं ते आपलं, आणि शाळेत दुसऱ्या दिवसापासून त्याची वकिली सुरू. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! मला गंमत वाटते ती याची, की चाळीस वर्षांनंतरही दोघं आपापल्या यंत्राच्या गुणांबद्दल फारसं बोलत नाहीत. जीव तोडून समर्थन चालतं ते दोषांचं.

स्पेक्ट्रमच्या कळा रबराच्या होत्या. दाबली की बोटाला लागे ते मेलेल्याचं कातडं, असं त्या काळी लोक म्हणत. शिवाय एकेका कळीवर पाच-सहा कामं लादलेली. ‘जे’ दाबलं की पडद्यावर ‘लोड’ ही अख्खी आज्ञा उमटायची. आमचा स्पेक्ट्रमवाला यावर म्हणतो, ‘म्हणून तर प्रोग्रॅम टाइप करायला वेळ लागत नसे!’ रंगांची तऱ्हा आणखी न्यारी. पडद्याचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडलेले आणि एका चौकोनात दोनच रंग. त्यामुळे खेळातला पांढरा नायक हिरव्या झाडाजवळून गेला की एक तर तो हिरवा, नाही तर झाड पांढरं. मेमरी वाचवण्यासाठी केलेली ती काटकसर होती. १९८४च्या ‘नाइट लोर’ या खेळानं तर सगळं चित्रच काळ्यावर एका रंगात काढून ही भानगड मिटवली आणि वर तिरक्या कोनातून दिसणाऱ्या खोल्यांची टूम काढली. ‘बघ, अडचण होती म्हणून कला आली,’ हे वाक्य मी इतकं ऐकलंय की आता ते सुरू होताच मी कप विसळायला उठतो.

कमोडोरवाल्याकडे हुकमाचं पान एकच : सिड. बॉब यानेसनं बनवलेली आवाजाची चिप. तीन स्वतंत्र स्वर, वर फिल्टर. समोर स्पेक्ट्रमचा बिचारा बीपर, फक्त चालू किंवा बंद होणारा. (त्यातूनही खेळांना संगीत देणाऱ्या टिम फॉलिननं एकाच वेळी अनेक स्वर काढून दाखवले, हे समोरून लगेच ऐकवलं जातं.) पण इथंही प्रेम बसलंय ते खोडीवरच. सिडमध्ये आवाजाची पातळी बदलली की ‘टक्’ असा आवाज यायचा. खरं तर दोष. लोकांनी ती पातळी भराभर बदलून त्या टक्-टकीतूनच ढोलाचे ठोके आणि माणसाचं बोलणं वाजवलं. पुढे कंपनीनं सुधारलेली चिप काढली, तिच्यात दोष जवळजवळ गेला आणि ढोल क्षीण झाले. भक्त रागावले, हे सांगायला नकोच.

वेगाच्या वादात मी पडत नाही. स्पेक्ट्रमचा प्रोसेसर झेड८० साडेतीन मेगाहर्ट्झचा, कमोडोरचा ६५१० जेमतेम एकचा. पण एकेका सूचनेला झेड८० घड्याळाचे जास्त ठोके खातो, त्यामुळे अंतर दिसतं तेवढं नाही. इतकं सरळ उत्तर चहाच्या टेबलावर कुणालाच नको असतं.

खरा टोला बसतो तो बेसिकवरून, म्हणजे दोन्ही यंत्रांत असलेल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवरून. स्पेक्ट्रमवर वर्तुळ काढायला ‘सर्कल’ लिहिलं की झालं. कमोडोरवर नुसती पडद्याची कड काळी करायची तर ‘पोक ५३२८०,०’. ‘आणि नाव काय, तर ६४, म्हणे ६४के मेमरी! सुरू केल्या केल्या मशीन स्वतःच कबुली देतं, ३८,९११ बाइट शिल्लक. बाकीचे कुणी खाल्ले?’ यावर कमोडोरवाला नुसता हसतो. त्याला तो आकडा आजही पाठ असतो, आणि बहुधा त्याला तेवढं पुरतं.

मी दोन्हीतला नाही. आमच्याकडे भारतात सरकारच्या ‘क्लास’ या संगणक-शिक्षणाच्या योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर मिळाले होते. चपला बाहेर काढून त्या थंडगार खोलीत शिरायचं आणि एका यंत्राभोवती चौघांनी कोंडाळं करायचं. हे सांगितलं की दोघांची तत्काळ युती होते. त्यांच्या लेखी बीबीसी म्हणजे मास्तरांचं मशीन, पैसेवाल्या घरातल्या अभ्यासू पोराचं. तेव्हा मी त्यांना केंब्रिजच्या ‘बॅरन ऑफ बीफ’ पबची आठवण करून देतो. १९८४च्या नाताळच्या सुमारास बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्ननं जाहिरातीत स्पेक्ट्रम किती बिघडतात यावर बोट ठेवलं. एकॉर्नचा ख्रिस करी हा पूर्वी सिंक्लेअरच्याच हाताखाली काम केलेला. सिंक्लेअर त्याला त्या पबात गाठून गुंडाळलेल्या वर्तमानपत्रानं बडवू लागला. आदल्याच वर्षी ‘सर’ झालेला माणूस! मालकच असे, तर पोरांनी शाळेच्या मैदानात काय करावं?

१९८६त सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅडनं घेतला, १९९४त कमोडोर बुडाली. भांडणाला त्यानं काही फरक पडला नाही. आता तर एकच कंपनी दोन्ही यंत्रांच्या नव्या प्रतिकृती विकते. २०१८ साली तिचा छोटा कमोडोर आला. आमच्या कमोडोरवाल्यानं तो मिरवत ऑफिसात आणला. स्पेक्ट्रमवाल्यानं उचलून एक कळ दाबली, दुसरी दाबली. एकही हलेना. त्या सगळ्या नुसत्या शोभेच्या, प्लॅस्टिकच्या साच्यातल्याच. छत्तीस वर्षं रबरावरून टोमणे खाल्लेल्या त्या गृहस्थानं तो डबा हळूच टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ‘आमच्या निदान दबायच्या तरी.’