गाठ साधी निघाली, पण रिपोर्टात एक ओळ जास्त होती

उजव्या तर्जनीवर लालभडक फोड उठला आणि बघता बघता वाटाण्याएवढा झाला. जरा कुठं घासला की भळाभळा रक्त. सांगलीचं घर, त्यामुळं आईनं लगेच हळद दाबली. रक्त थांबायचं, फोड तिथंच.

मिरजेच्या त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी ‘पायोजेनिक ग्रॅन्युलोमा’ सांगितलं. म्हणजे केशवाहिन्यांचा गुच्छ, कॅन्सर नव्हे. बोट बधिर करून त्यांनी तो काढला, बुडाला कॉटरी दिली, म्हणजे विजेच्या उपकरणानं डागलं, आणि तुकडा टिकवण्यासाठी फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला. एवढ्याशा गाठीची बायोप्सी कशाला, असं मी विचारलं. “रंग नसलेला मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, तोही कधी कधी असाच दिसतो,” ते म्हणाले.

रिपोर्टात निदान तेच होतं, पण खाली आणखी एक ओळ: गाठीत एक्स्ट्रामेड्युलरी हिमॅटोपोएसिस. हाडांतल्या मज्जेत व्हायचं रक्त बोटाच्या गाठीत तयार होतंय! मोबाइलवर शोधलं तर थेट मायलोफायब्रोसिस, म्हणजे मज्जेत तंतू माजवणारा रक्ताचा कॅन्सर. दाजी पुण्याची अपॉइंटमेंट घ्यायला लागले.

मी आधी लॅबमध्ये गेलो. रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर भेटू शकतो, हे आपल्या डोक्यातच येत नाही. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्लाइड स्क्रीनवर लावली. केशवाहिन्यांच्या मधे गडद, गोल केंद्रकांच्या पेशींचे पुंजके दिसले: तांबड्या पेशी होण्याआधीची अवस्था. शेजारी एक अवाढव्य पेशी, मेगॅकॅरिओसाइट. हिच्यापासून प्लेटलेट होतात. “पोटात असताना बाळाचं यकृत आणि प्लीहा रक्त बनवतात, मग ते काम मज्जेकडं जातं. मज्जा बिघडली तर ते पुन्हा बाहेर सुरू होतं, म्हणून तुमचं रक्त तपासायचं. पण अशा गाठीत निरोगी माणसातही हे क्वचित सापडलंय.”

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) आणि पोटाची सोनोग्राफी झाली. स्मिअरमध्ये अपक्व पेशी नाहीत, अश्रूच्या आकाराच्या तांबड्या पेशी नाहीत, प्लीहा वाढलेली नाही; म्हणजे मायलोफायब्रोसिसची ही लक्षणं नव्हती. रक्तविकारतज्ज्ञांनी मज्जेची तपासणी नको म्हटलं; काही महिन्यांनी सीबीसी पुन्हा करायची.

लॅबकडून पॅराफिनचा ब्लॉक, म्हणजे मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा, आणि स्लाइड मात्र मागून घेतल्या. पुढं कुणाला शंका आलीच तर त्याच तुकड्याचे नवे काप घेता येतात. रिपोर्टाच्या झेरॉक्सवर ते जमत नाही. असली गाठ परत उगवू शकते, तेव्हा बोटावर लक्ष आहे. आईचंही.