लालबागच्या खोलीत बांधलेलं हायस्कूल

आमच्या गावच्या हायस्कूलला साठ वर्षं होतायत. स्मरणिका काढायची ठरलीय आणि गावच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळात मराठी टायपिंग येणारी मी एकटी, म्हणून शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मुख्याध्यापकांनी व्हॉट्सॲपवर दीड पान मजकूर पाठवला. जागा कुणी दिली, नारळ कुणी फोडला, अध्यक्ष कोण कोण झाले, सगळं आहे त्यात. पैसे कुठून आले याबद्दल मात्र एकच ओळ: 'मुंबईकर चाकरमान्यांच्या सहकार्याने.'

सहकार्याने म्हणे! अहो, शाळा उभी राहिली सिंधुदुर्गात, पण बांधली गेली ती लालबागला.

चाळीच्या पहिल्या मजल्यावर गावकीची खोली होती, दहा बाय बारा. वीस-पंचवीस माणसं तिथे पाळीपाळीने झोपायची. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याने अंथरूण गुंडाळायचं. भिंतीलगत पत्र्याच्या ट्रंका, दोरीवर कपडे, जेवण खाणावळीत, बायकामुलं गावी. माझे आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते आणि अक्षर बरं म्हणून मंडळाचे खजिनदार. त्यांच्या चार वह्या माझ्याकडे आहेत.

गावची शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर तालुक्याला खोली घ्यायला हवी, आणि ती कुणाला परवडणार? म्हणून सातवी झाली की पोरगा काकाचं बोट धरून मुंबईला, गिरणीत बदली कामगार. त्या खोलीतले सगळे असेच आलेले. घाटावर कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेने १९१९ पासून गावोगाव शिक्षण पोचवायचं काम हाती घेतलं. आमच्या बाजूला ते मनीऑर्डरींनी केलं, असं मी म्हणते. आमचंच गाव नव्हे, कोकणातल्या कितीतरी गावांची हायस्कुलं अशीच मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांनी उभी केलीत.

वर्गणी दरमहा एक रुपया. पगाराच्या दिवशी आजोबा वही घेऊन दारातच बसत, म्हणजे कुणी चुकवून आत जायला नको. कुणाच्या नावापुढे 'आठ आणे', कुणाच्या पुढे 'आजारी, पुढील महिन्यात'. एकाच्या पुढे नुसतं 'भांडला'.

पण रुपया-रुपयाने चिरा आणि कौलं येत नाहीत, म्हणून मग नाटक. परळचं दामोदर नाट्यगृह हे ना. म. जोशींनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचं, आणि कोकणातल्या मंडळांना ते घरच्यासारखं. नट आमच्याच खोलीतले, तालीम दुसरी पाळी सुटल्यावर, तिकिटं खात्याखात्यात खपवायची. नायिकेचं काम करणाऱ्याने मिशी उतरवली आणि तशाच बोडक्या तोंडाने तो शिमग्याला गावी गेला. त्याची बायको सुतक समजून दारातच रडायला लागली, ही गोष्ट अजून मंडळाच्या प्रत्येक मीटिंगमध्ये निघते. २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी दामोदर बंद झालं तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

वह्यांमध्ये एक नोंद मला फार आवडते: 'खाणावळवाल्या बाई, बाकांसाठी, रु. २५.' ती बाई आमच्या गावची नव्हती, जिल्ह्यातलीसुद्धा नव्हती, घाटावरची होती. शाळेच्या व्हरांड्यात देणगीदारांचा संगमरवरी दगड आहे. त्यावर ५०१ रुपये आणि त्यापुढचे. म्हणजे ती नाही, आजोबा नाहीत, तो मिशी उतरवणाराही नाही. एका सावकाराचं नाव मात्र दोनदा आहे.

ट्रस्ट नोंदवला वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे. म्हणून संस्थेचा अधिकृत पत्ता चाळीचा, आणि शाळा तिकडे रात्रभराच्या एसटीच्या अंतरावर. पहिल्या वर्षी फक्त आठवीला मान्यता, मग दरवर्षी एकेक वर्ग वाढवायचा. पहिली तुकडी जुन्या अकरावीला बसली. १९७५ ला दहावीची नवी एसएससी आली. अनुदान मिळाल्यावर शिक्षकांचे पगार सरकार देऊ लागलं, पण इमारत, बाकं, प्रयोगशाळा हे संस्थेनेच बघायचं. हेडमास्तरांचं कार्ड खोलीवर यायचं: पृथ्वीगोल पाहिजे. मग कुणीतरी गणपतीला जाताना तो मांडीवर घेऊन जायचा.

आता माझं. मी परळला महापालिकेच्या शाळेत सातवी केली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. मे उजाडला तरी मिटेना, तेव्हा बाबांनी आम्हाला परळ डेपोतून लाल गाडीत बसवून गावी पाठवलं. जून १९८२, आठवी. पहिल्या दिवशी मागच्या बाकावरून ऐकू आलं, "मुंबैचा चेडू इला." मी एकटी नव्हते. आमच्यासारखी इतकी पोरं आली होती की बाकं पुरेनात. पाठीमागच्या रांगेत आम्ही गोणपाटावर बसायचो. सर ओरडायचे, "मुंबईला लिहिलंय, बाकं येतील."

ती येणार कुठून? जे पाठवायचे त्यांचीच पोरं गोणपाटावर होती.

हे तेव्हा मला कळलं नाही. आता वही बघताना कळलं. जानेवारीपर्यंत रकाने भरलेले. फेब्रुवारीत निम्मे. एप्रिलपासून आजोबांनी नावं तेवढी लिहिलीत, अगदी सुबक, आणि पुढे आडवी रेघ. दर महिन्याला नावं पुन्हा लिहिलीत. त्या रेघांत माझे बाबाही आहेत. त्यांची गिरणी पुन्हा चालू झाली, पण त्यांना परत घेतलं नाही. ते एका सोसायटीत वॉचमन झाले आणि मंडळात यायचे बंद झाले. 'बाकी आहे माझी,' म्हणायचे.

तर मी स्मरणिकेसाठी वह्यांमधली सगळी नावं टाइप केली. आठ आण्यावाल्यांसकट, खाणावळवाल्या बाईसकट. 'भांडला' तेवढं गाळलं, त्याचा नातू आता शाळा समितीवर आहे. पानं झाली अकरा. अध्यक्ष म्हणाले, "इतिहास दीड पानातच बरा वाटतो, वाचतो कोण? त्यात जाहिराती घेऊ." कोकण बोर्ड दहावीच्या निकालात दरवर्षी राज्यात पहिलं, त्याचं एक रंगीत पान हवंय त्यांना. शाळेचा पट मात्र इतका खाली आलाय की पुढच्या संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, एक शिक्षक जाईल, यावर एक ओळही नकोय.

अकरा पानांच्या छपाईचा विषय येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये आहे. मीटिंग डोंबिवलीला. लालबागला आता आमच्या गावचं कुणीच राहत नाही, लेटरहेडवर पत्ता तेवढा तोच आहे.