पुंटोला नवा रेडिएटर निवडताना

मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढून चहाला थांबले. गाडीतून उतरले तर बॉनेटपाशी काकवीसारखा गोडसर वास. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीतली पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेली होती. टॉर्च लावून पाहिलं, तर रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला अॅल्युमिनियमची जाळी जिथे दुमडून बसवलेली असते, त्या शिवणीवर गुलाबी पापडी धरलेली.

माझी गाडी फियाटची अबार्थ पुंटो. इथेच पुण्याजवळ रांजणगावला बनलेली, १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती. जीव आहे माझा तिच्यावर. नऊ वर्षं रोज तापून निवून रबराची सील थकली, यात गाडीचा काही दोष नाही.

पहिला विचार दुरुस्तीचा केला. नाना पेठेतल्या रेडिएटरवाल्या काकांनी समजावलं, "ताई, जुना पितळी असता तर डाख लावून दिला असता. हा प्लॅस्टिकचा. दाब धरणार नाही." आणि दाब हाच तर मुद्दा. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. बंद यंत्रणेत हवेच्या दाबापेक्षा एक बार (दाबाचं एकक) जास्त दाब चढला की १२५ च्याही पुढे जातं. शिवण गळली की तो दाब टिकत नाही आणि घाटात नेमकं तेव्हाच पाणी उकळतं.

मग मोह पडला तो पूर्ण अॅल्युमिनियमच्या, आर्गॉन वेल्डिंग केलेल्या रेडिएटरचा. दिसायला देखणा, कोअर, म्हणजे मधली जाळी, मूळच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जाड. मी पैसे द्यायच्या बेतात होते. माझ्या मिस्त्रींनी विचारलं, "ताई, रेसला नेणार की ऑफिसला?" उत्तर मला ठाऊक होतं, ऑफिस आणि महिन्यातून एखादा घाट. ते म्हणाले, थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, ९० अंशांच्या आसपास उघडतो, त्यामुळे रेडिएटर केवढाही मोठा असला तरी इंजिन त्याखाली चालायचं नाही. जाड कोअरचा फायदा ट्रॅकवर सलग जोरात पळवताना. चांदणी चौकातल्या गर्दीत वारा नसतो, सगळी भिस्त पंख्यावर, आणि जाड कोअरमधून हवा खेचताना तोच पंखा दमतो. शिवाय टेपने मोजलं तर पंख्याची चौकट मागे सरकवायला बोटभरही जागा नव्हती. ती कापायला माझं मन धजेना.

शेवटी मूळ मापाचाच नवा घेतला. त्यासाठी तीन दुकानं फिरले. जुना रेडिएटर डिकीत घालूनच नेला, हे फार बरं झालं. एका दुकानात "हाच बसतो" म्हणून दिलेल्याचं खालच्या होजचं (रबरी नळीचं) तोंड दुसऱ्या बाजूला निघालं. लांबी, उंची, जाडी, दोन्ही तोंडांचा व्यास, खालच्या रबरी बुशांच्या खुंट्या, सगळं शेजारी ठेवून जुळवलं. जाळीतल्या पातळ पत्र्या, म्हणजे फिन्स, बोटाने हलक्या दाबून पाहिल्या. वाचलेल्या पैशांत दोन्ही होज, थर्मोस्टॅट आणि कूलंटच्या टाकीचं झाकण नवं घेतलं. झाकणातली स्प्रिंगच दाब धरते, आणि ते मात्र सगळे विसरतात.

बसवल्यावर कूलंटमधली हवा काढायलाच जास्त वेळ गेला. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, वरचा होज हाताने चेपत, बुडबुडे थांबेपर्यंत.

परवा पुन्हा खंबाटकी चढले, एसी चालू ठेवून. ओबीडी रीडरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) कूलंटचं तापमान ९८ पर्यंत गेलं, पंखा लागला, ९१ वर आलं. वर थांबून शिवणीवरून बोट फिरवलं. कोरडं.