सीक्वेस्ट पुन्हा एकदा: तेरा भाग झाले

दोन तासांचा पायलट, म्हणजे सलामीचा भाग, एकच धरला तर 'सीक्वेस्ट डीएसव्ही' या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या सीझनचे तेवीस भाग होतात. सीक्वेस्ट म्हणजे मालिकेतली अवाढव्य पाणबुडी. त्यातला तेरावा परवा रात्री संपला. आठवड्याला एकच भाग, तोही रविवारी रात्री आठला, असा नियम मी केला होता, कारण १९९३ मध्ये एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर मालिका याच वेळेला लागायची. नियम चारदा मोडला. दोनदा पाहुणे आले, एकदा लाइट गेली, आणि एकदा मी चक्क सलग दोन भाग पाहिले, त्याची लाज वाटत नाही.

आधी यंत्रसामग्रीची कहाणी, कारण तुमच्यापैकी दोघातिघांना यातूनच जायचंय. माझा डीव्हीडी संच अमेरिकेतला, जुना, दुसऱ्या हातचा. डीव्हीडीला प्रदेशाचं कुलूप असतं, त्याला रीजन म्हणतात. अमेरिका रीजन एक, आपण रीजन पाच, त्यामुळे घरातला डीव्हीडी प्लेयर डिस्क पाहून नुसता घुरघुरतो आणि थंड पडतो. शेवटी जुन्या लॅपटॉपचा ड्राइव्ह वापरला. त्यात रीजन बदलता येतो, पण एकूण पाचच वेळा, मग तो कायमचा अडकतो. मी एक संधी खर्च केली आणि कीबोर्डवर कागद चिकटवला: 'याला हात लावू नये'. विकणाऱ्याने 'एकही ओरखडा नाही' असं लिहिलं होतं. 'गेम्स' या चौथ्या भागात बरोबर ऐन रंगात चित्राचे चौकोन व्हायला लागले तेव्हा त्या वाक्याची आठवण झाली. डिस्क मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली, दुसऱ्या प्रयत्नात चालली. गोल गोल पुसू नका, ओरखडे वाढतात.

या वेळी वहीत एक नवा रकाना पाडलाय. प्रश्न एकच: या भागातून समुद्र काढून टाकला, तर गोष्ट तशीच उरते का? उरली तर फुली, कोसळली तर बरोबरची खूण. मालिका पुढे का घसरली हे मी इतकी वर्षं कुणाकुणाला समजावत आलेय, पण मोजून कधी पाहिलं नव्हतं. आता वाटतं, पाण्याचा अडथळा जिथे खरा आहे तिथेच ही मालिका आपल्या पायावर उभी आहे. बाकी ठिकाणी ती पाण्यात बुडवलेली अंतराळमालिका आहे.

पायलटला बरोबरची खूण. 'टू बी ऑर नॉट टू बी', दिग्दर्शक अर्विन कर्श्नर. सुरुवातीलाच कॅप्टन स्टार्क हुकूम नसताना मारा करायला निघते आणि कमांडर फोर्ड तिला पदावरून उतरवतो. मग बेटावर एकटा राहणारा नेथन ब्रिजर. मुलगा नौदलात गेला तो परत आला नाही, बायकोही गेली, आणि ज्या पाणबुडीचा आराखडा याने काढला तिच्यावर पाय ठेवायलाही हा तयार नाही. ब्रिजर झालेला रॉय शायडर बोटीत शिरतो ते दृश्य मी तीनदा मागे घेतलं. चेहऱ्यावर कौतुक येऊ द्यायचं नाही असं ठरवून आलेला माणूस, आणि डोळे मात्र भिंतीवरून, छतावरून फिरतायत. आपण बांधलेल्या घरात दुसरेच कुणी राहायला आल्यावर माणूस असाच फिरतो. गंमत अशी की 'जॉज' या शार्कच्या गाजलेल्या चित्रपटात याच शायडरला पाण्याची धास्ती होती. तिथे तो ब्रॉडी होता. इकडे दुसऱ्या सीझनमध्ये जो नवा लेफ्टनंट येतो त्याचंही आडनाव ब्रॉडीच.

दुसऱ्या भागावर जरा थांबते. 'द डेव्हिल्स विंडो'. समुद्रतळावरच्या गरम झऱ्यांचा अभ्यास चालू असतो आणि बोटीवरचा डॉल्फिन डार्विन आजारी पडतो. पूर्वी मला हा भाग रटाळ वाटायचा. टॉर्पेडो नाही, शत्रू नाही. आता उलट वाटलं, कारण मधल्या काळात त्या झऱ्यांविषयी थोडं वाचलंय. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर ते पहिल्यांदा सापडले, सूर्यप्रकाशाशिवाय जगणाऱ्या प्राण्यांच्या वस्तीसकट. दोन वर्षांनी पूर्व पॅसिफिकमध्ये काळा धूर ओकणारी धुराडी दिसली. तिथलं पाणी साडेतीनशे अंश सेल्सियसच्या आसपास असतं, तरी उकळत नाही, कारण वरून शेकडो वातावरणांचा दाब. दर दहा मीटरला साधारण एक वातावरण, हिशोब तुम्हीच करा. १९७७ च्या त्या मोहिमेत असलेले रॉबर्ट बॅलार्ड, ज्यांच्या मोहिमेला १९८५ मध्ये टायटॅनिकचे अवशेष सापडले, तेच या मालिकेचे शास्त्रीय सल्लागार. पहिल्या सीझनमध्ये भाग संपला की ते स्वतः पडद्यावर येऊन आत्ता पाहिलेल्यातलं खरं काय ते थोडक्यात सांगतात. लहानपणी, म्हणजे मामाच्या कॅसेटवर पाहताना, हा तुकडा आम्ही फास्ट फॉरवर्ड करायचो. आता मी चहा त्या तुकड्यासाठी राखून ठेवते.

'ट्रेझर ऑफ द माइंड' पाहताना मात्र रकान्याने दगा दिला. समुद्राखाली अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय सापडतं, आणि लगेच निरनिराळे देश 'ते आमचंच' म्हणत उभे राहतात. समुद्र काढला, ग्रंथालय वाळवंटात ठेवलं, तरी भांडण होईलच की. म्हणून आधी फुली मारली. मग डोक्यात आलं, वाळवंटात जमीन कुणाची हे निदान ठरलेलं असतं. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडे गेलं की प्रश्न फाटत जातो, आणि दूरच्या समुद्रतळावर सापडलेल्या प्राचीन वस्तूंचं काय करायचं यावर समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय करारात एकच मोघम कलम आहे: साऱ्या मानवजातीच्या हितासाठी जपा, पण मूळ देशाचा मान राखा. म्हणजे दोघांचंही ऐका. हा करार अमलात आला नोव्हेंबर १९९४ मध्ये, भाग त्याच्या आधीचा. बुडालेल्या वारशासाठी युनेस्कोचा वेगळा करार तर २००१ चा. लेखकांनी नेमकी हीच पोकळी पकडलीय. फुली खोडली. त्यात अतींद्रिय शक्तीवाली मंडळी आणायची गरज नव्हती, पण ते असो. आणि हो, १९९४ मध्येच अलेक्झांड्रियाच्या किल्ल्याशेजारी फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी पाण्याखालच्या दगडांचं मोठं काम सुरू केलं, त्यात तिथल्या प्राचीन दीपगृहाचे अवशेष निघाले. ग्रंथालय नाही, पण शेजारीच म्हणायचं.

मधले भाग भराभर. 'गेम्स' ही गोठवून ठेवलेल्या खुन्याची गोष्ट. स्पष्ट फुली, बंद जागा कुठलीही चालली असती, तरीही मला फार आवडतो. रकाना म्हणजे वेद नव्हे. 'नाइट ऑफ शॅडोज' म्हणजे बुडालेल्या प्रवासी जहाजातलं भूत. स्टेफनी बीचमने डॉक्टर वेस्टफेलन इतकी ताठ मानेने केलीय की भुतानेच आधी परवानगी मागावी. 'बॅड वॉटर'ला मोठी खूण: बर्म्युडा त्रिकोण, वादळ, आणि आपली माणसं एका तराफ्यावर. 'द रेग्युलेटर'मध्ये काळ्याबाजारातला एक व्यापारी आणि त्याचा ओरांगउटान. एवढंच पुरे. 'सीवेस्ट' मी भाजी निवडत पाहिला.

'फोटॉन बुलेट' पुन्हा पाहाच. बोटीवरचा संगणकात तरबेज पोरगा लुकास समुद्राखालच्या एका दळणवळण केंद्रात जातो, तिथे संगणकवेड्या पोरांचं टोळकं असतं. त्यात कोवळा सेथ ग्रीन आहे, आणि त्यांचा म्होरक्या टिम रस, जो नंतर 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर'मधल्या अंतराळयानावर टोकदार कानांनी बसला. पडद्यावरचं हॅकिंग म्हणजे रंगीत बोगद्यातून उडणं, त्यावर हसू येतंच. पण जगाची माहिती समुद्राच्या तळातून वाहते ही कल्पना मात्र तंतोतंत खरी निघाली. उपग्रहाकडे बोट दाखवणाऱ्यांनी एकदा वर्सोव्याला जावं. तिथल्या वाळूखालून आत येणाऱ्या केबलींवर आपला अर्धाअधिक दिवस चाललेला असतो. खूण, दोनदा गिरवून.

तेरावा 'बेटर दॅन मार्शियन्स'. मंगळावरून परतणारं यान समुद्रात कोसळतं आणि शोधायची जबाबदारी सीक्वेस्टवर. अंतराळवीर मंगळाला जाऊन सुखरूप आले आणि घरच्या पाण्यात अडकले. या मालिकेला जे सांगायचं होतं ते या एका भागात मावतं.

आता डार्विन. माझा भाचा बारा वर्षांचा, सुट्टीत दोन रविवार बरोबर होता. पाचव्या मिनिटाला म्हणाला, "मावशी, हा डॉल्फिन खोटा आहे ना?" मी म्हटलं, कशावरून? "पापणी. पापणी चुकीच्या वेळी लवते." मी इतकी वर्षं पाहतेय, मला ते दिसलं नव्हतं. डार्विन यांत्रिक आहे, आवाज फ्रँक वेल्करचा. पण नंतर बघा काय झालं: ब्रिजर पाण्याच्या कडेला बसून त्याच्याशी बोलत होता, डार्विनने चोच त्याच्या तळव्यात ठेवली, आणि भाचा एकदम गप्प. मग हळूच, "तरीपण त्याला बरं नसेल तर त्यांनी सोडून द्यायला पाहिजे." शायडरचं श्रेय आहे ते. रबरी डॉल्फिनशी बोलताना त्याने एकदाही रबराशी बोलतोय असं दाखवलं नाही.

चित्रांबद्दल. बाहेरची सगळी दृश्यं संगणकावरची, अँब्लिन इमेजिंगने अमिगा संगणक, त्यात बसणारं व्हिडिओ टोस्टर कार्ड आणि लाइटवेव्ह हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर वापरून केलेली. आज पाहताना पाणबुडीचं अंग प्लॅस्टिकसारखं चकाकतं. पण लॅपटॉपचा उजेड कमी करून, खोलीतले दिवे मालवून पाहा. पाण्यात दूरचं सगळं निळ्या धुक्यात विरतं, आणि ते धुकं तेव्हाच्या संगणकांना वरदानच होतं, कारण जे दिसत नाही ते काढावं लागत नाही. वरून तरंगत येणारे पांढरे कण बघा. खोल समुद्रात असा सेंद्रिय कचऱ्याचा हिमवर्षाव खरोखर होतो. त्या कणांमुळेच बोट 'ओली' वाटते. तीच ती दृश्यं पुन्हा पुन्हा वापरलीत, डावीकडून उजवीकडे जाणारं एक तर मला आता नातेवाइकासारखं ओळखीचं झालंय. त्यावर जॉन डेबनीची धून वाजली की सगळं माफ. त्या धूनला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला होता.

मालिकेतलं साल २०१८. ते येऊन गेलं, आपण ऑफिसात होतो. समुद्राखाली वसाहती नाहीत, तीनशे मीटरहून लांब पाणबुडीत झाडं आणि डॉल्फिनला फिरायला पाण्याच्या नळ्या नाहीत. आपल्याकडे चेन्नईत 'मत्स्य ६०००' ही खोल समुद्रात जाणारी छोटी पाणबुडी घडतेय: तीन माणसं, टायटॅनियमचा २.१ मीटर व्यासाचा गोळा, लक्ष्य सहा हजार मीटर, एका फेरीला बारा तास. भाच्याने टेपने हॉलमध्ये २.१ मीटर मोजलं आणि सोफ्यापाशी गोल काढून आम्ही तिघं, म्हणजे आजीसकट, त्यात उभे राहून पाहिलं. आजी म्हणाली, "बारा तास? आणि लघवीला?" बॅलार्डसाहेबांनी एका भागाच्या शेवटी हे सांगायला हवं होतं.

रकान्याचा हिशोब तेरा भागांपुरता खुणांच्या बाजूने आहे. दुसऱ्या सीझनला चित्रीकरण फ्लोरिडात हललं आणि मालिका घसरली, शायडर स्वतः उघडपणे वैतागला होता. तिकडे वहीचं पान फुल्यांनी भरणार याची मनाची तयारी केलीय. पण त्याआधी विल्यम शॅटनर पाहुणा असलेला 'हाइड अँड सीक' आणि चार्लटन हेस्टन पाहुणा असलेला 'ॲबालॉन' यायचेत.

पुढचा 'नथिंग बट द ट्रुथ'. भाच्याची चाचणी शुक्रवारी संपते, त्याने थांबायला सांगितलंय. लॅपटॉपवरचा कागद त्याने फाडून नवा लावलाय, त्यावर लिहिलंय: 'मावशीनेही हात लावू नये'.