तुम्ही विचारलंत म्हणून : ‘नेट चालू आहे, मग हे कनेक्ट का होत नाही?’

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. फ्लेक्सवाले विचारतात, पत्रिकावाले विचारतात, परवा एका लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं विचारलं, कारण त्याचा मुलगा डिझायनिंग शिकतोय. सोबत स्क्रीनचा फोटो असतो, तिरका, वर ट्यूबलाइटची चमक : ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही. तुमचं इंटरनेट कनेक्शन तपासा.’ आणि खाली ठरलेलं वाक्य : ‘दादा, यूट्यूब तर चालतंय. फॉरमॅट मारू का?’

नका मारू. यूट्यूब चालतंय याचा अर्थ एवढाच की यूट्यूबपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. डिझायनिंगच्या सॉफ्टवेअरला जायचंय दुसऱ्याच दारात, लायसन्स तपासणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे. तो रस्ता कुणीतरी अडवलाय. कोणी, हे त्या मेसेजला सांगता आलं असतं. कुठल्या पत्त्यावर हाक मारली आणि काय उत्तर आलं, हे सॉफ्टवेअरला ठाऊक असतं. पण ते सांगणार काय, तर ‘कनेक्शन तपासा’. म्हणजे चूक तुमची. हा माझा राग जुना आहे आणि तो रास्त आहे, असं मी आजही म्हणतो. त्या रात्रीनंतर मात्र जरा हळू आवाजात म्हणतो.

ऑक्टोबर होता, दिवाळी अंकाचे शेवटचे दोन फर्मे, म्हणजे छपाईच्या पानांचे गठ्ठे, राहिले होते. प्लेटसाठी पीडीएफ सकाळी आठला पुण्याच्या प्रेसमध्ये हवी होती. परतीचा पाऊस, विजा, आणि सातच्या सुमाराला माझ्या चांगल्या संगणकाचं एसएमपीएस, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, उडालं. घाबरलो नाही. फाइली बाहेरच्या डिस्कवर होत्या. कोपऱ्यातला जुना संगणक काढला, पुसला, जोडला. सॉफ्टवेअर वर्षभराचे पैसे भरून घेतलेलं, अगदी पावतीसकट. डाउनलोड झालं, इन्स्टॉल झालं. साइन-इनला आलो आणि तो मेसेज.

मी काय केलं? केबलवाल्याला फोन लावला आणि वाट्टेल ते बोललो. महिन्याला पैसे मोजून घेता, ऐन वेळी झोपता, वगैरे. साडेदहाला त्यांचा पोरगा आला, विशीतला, रेनकोटमधून पाणी गळतंय. त्यानं वायरचं टोक कापून नवा कनेक्टर बसवला, राउटर बंद-चालू केला, स्पीड दाखवला. स्पीड उत्तम. मेसेज तोच. मग तोच म्हणाला, “दादा, माझ्या मोबाइलचं नेट लावून बघा.” लावलं. तरी तोच मेसेज.

इथंच कळायला हवं होतं. दोन वेगळी नेट आणि आजार एकच, म्हणजे खोट बहुधा यंत्रात आहे. पण मी म्हणालो, “तुझ्या मोबाइलला रेंज नसेल.” सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. पाऊण तास गेला. अंकाचे संपादक निवृत्त शिक्षक, दर वीस मिनिटांनी फोन करून शांतपणे विचारत होते, “झालं का हो?” तो शांतपणा शिवीपेक्षा लागत होता.

शेवटी बारा वाजता माझ्याकडे कधीकाळी काम शिकलेल्या मुलीला उठवलं. ती आता पुण्यात नोकरी करते. कंपनी आपल्या सर्व्हरची नावं मदतीच्या पानावर देते, त्यातलं एक तिनं वाचून दाखवलं आणि म्हणाली, “काळ्या खिडकीत, कमांड प्रॉम्प्टमध्ये, याला पिंग मारा, म्हणजे हाक मारा. उत्तर येवो न येवो, कंसात कुठला पत्ता येतो तेवढं सांगा.”

“127.0.0.1,” मी म्हणालो.

ती थोडा वेळ गप्प. हा पत्ता म्हणजे आपलंच यंत्र. सॉफ्टवेअर कंपनीचं दार विचारतंय आणि माझा संगणक त्याला त्याच्याच दारात परत पाठवतोय.

“दादा, या मशीनवर आधी क्रॅक होतं का?”

क्रॅक म्हणजे पैसे न भरता, लायसन्सचं कुलूप तोडून चालवलेलं सॉफ्टवेअर. फोन स्पीकरवर होता. पोरगा रेनकोट घालता घालता थांबला.

“नाही,” मी म्हणालो.

तिनं वाद घातला नाही. नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायला लावलं, विंडोजच्या सिस्टिम32, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, तिथली होस्ट्स नावाची फाइल. तिला एक्स्टेन्शन नसतं, त्यामुळे ‘ऑल फाइल्स’ निवडल्याशिवाय दिसतही नाही. संगणक कुणाचाही पत्ता बाहेर विचारण्याआधी ही फाइल बघतो. तिच्यात वीस-बावीस ओळी होत्या, प्रत्येकीपुढे 127.0.0.1. आणि सगळ्यांच्या वर हॅशचं चिन्ह देऊन रोमन अक्षरांत टाइप केलेली माझीच ओळ : ‘हात लावू नये.’

2014 साली क्रॅक टाकताना सोबतच्या सूचनेप्रमाणे त्या ओळी मीच चिकटवल्या होत्या, म्हणजे सॉफ्टवेअरनं कंपनीला चहाडी करू नये. हाताखालच्या पोरांनी फाइलशी खेळू नये म्हणून वर तंबी. पुढे पैसे भरले तेव्हा क्रॅक मोठ्या अभिमानानं काढून टाकलं, पण अनइन्स्टॉल करताना या ओळी जात नाहीत. 2016 मध्ये विंडोज 7 वरून 10 वर आलो तेव्हाही त्या जशाच्या तशा राहिल्या. ओळी उडवल्या, फाइलला ‘रीड-ओन्ली’ची टिक होती ती काढून सेव्ह केलं, साइन-इन झालं. पीडीएफ पहाटे चारला गेली.

आता तुम्ही म्हणाल, चोरी केलीत, भोगलंत. 2014 चा मी तुमच्याशी भांडेल. पत्रिकेमागे दीडशे रुपये मिळत होते, आणि अख्ख्या गल्लीत एकाकडेही विकतचं सॉफ्टवेअर नव्हतं. तो खोटं बोलत नाहीये. पण ती तंबीची ओळ त्यानं शरमेपोटी लिहिली होती का, असं विचारलं तर तो विषय बदलतो. मीही फार खोदत नाही.

दर वेळी कारण हेच असतं असं नाही. एका प्रेसमध्ये मदरबोर्डचा सीआर2032 सेल संपला होता, तारीख मागे जाऊन बसली होती, त्यामुळे सर्व्हरचं ओळख पटवणारं प्रमाणपत्र संगणकाला अजून सुरूच न झालेलं वाटत होतं. नाण्याएवढा सेल, तीस-चाळीस रुपये. कधी अँटिव्हायरस आडवा येतो, कधी ऑफिसचा प्रॉक्सी, म्हणजे नेटच्या वाटेवर बसवलेला मधला संगणक. म्हणून मी आधी घड्याळ बघायला सांगतो, मग मोबाइलचं नेट, मग पिंग आणि एनएसलुकअप दोन्ही. एनएसलुकअप हीही काळ्या खिडकीतलीच आज्ञा, पण ती होस्ट्स फाइल न बघता पत्ता थेट बाहेर विचारते. दोघांची उत्तरं वेगळी आली, आणि पिंग 127 वाला पत्ता दाखवत असेल, तर अडवणारा घरातलाच.

केबलवाला पोरगा पुढच्या महिन्यात पैसे न्यायला आला. “आता चालतंय ना दादा?” म्हणाला. मी “चालतंय” म्हणालो, चहा सांगितला. त्या रात्रीचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही.

तर तुमचा फोन आला की मी पहिल्यांदा हेच विचारतो, आधी क्रॅक होतं का. सगळे ‘नाही’ म्हणतात. मी बरं म्हणतो आणि नोटपॅड उघडायला सांगतो.